डागावर झाडपाला लावण्याआधी हे करा

बावची आणि ज्येष्ठमध काष्ठौषधींच्या एकाच दुकानात मिळतात, पण कातडीच्या रंगावर दोघांचं काम उलटं. बावची उन्हाच्या जोडीने रंग चढवते. ज्येष्ठमधातलं द्रव्य रंग उतरवतं. म्हणून "कातडीला चांगलं आहे, लावा" असं कुणी म्हटलं, तर आधी विचारा: रंग चढवायला की उतरवायला?

त्याहीआधी डाग ओळखा. फिकट डाग असेल तर माणसाला डोळे मिटून बसवा. कापसाच्या वातीचं टोक चांगल्या कातडीला आणि मग डागाला हलकेच टेकवा. कुठे लागलं ते त्याला बोटाने दाखवू द्या. डागावर स्पर्श कळत नसेल तर कुष्ठरोगाची शंका घ्या आणि सरळ प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. औषध फुकट मिळतं, आजार बरा होतो, वेळेत सुरू केलं तर हातपाय वाकडे होत नाहीत. बाबा आमट्यांचं आनंदवन इथेच वरोऱ्याला, तरी आपल्याकडे लोक डाग लपवतात. याचा मला राग येतो.

स्पर्श कळत असेल तरी डॉक्टरांना एकदा दाखवाच. पाठीवर, मानेवर बारीक कोंडा सुटणारे फिकट ठिपके बहुधा शिबं असतात. ती बुरशी आहे, तिला बुरशीचंच औषध लागतं. दुधासारखा पांढरा डाग कोडाचा असू शकतो, तर गालाकपाळावरचे तपकिरी पट्टे वांगाचे. वावरात राबणाऱ्याच्या पापण्या आणि मान खाज सुटून काळवंडली असेल, तर गाजर गवताकडे बघा. त्याची ॲलर्जी असेल तर गवताचा संपर्क तुटल्याशिवाय कोणताही लेप कामाचा नाही.

कातडीच्या वरच्या थराच्या तळाशी रंगपेशी असतात. त्यांतलं टायरोसिनेज नावाचं विकर (एन्झाइम) रंगद्रव्य, म्हणजे मेलॅनिन, बनवायला सुरुवात करतं. ज्येष्ठमधातलं ग्लॅब्रिडिन या विकराला अडवतं. मात्र 'अमुक वनस्पतीचा अर्क गोरं करतो' या दाव्यांमागे पुष्कळदा आळंबीतून काढलेल्या टायरोसिनेजवर काचेच्या नळीत केलेली चाचणी असते. माणसाच्या गालावर तेच होईल असं नाही.

कोडासाठी बावची घरच्या घरी लावू नका. तिच्यातलं सोरालेन कातडीत मुरतं आणि त्यावर ऊन पडलं की काम करतं. दवाखान्यात याच तत्त्वावर औषध आणि अतिनील किरण दोन्ही मोजून देतात. आपल्या मे महिन्याच्या उन्हाला कसलं आलंय माप! अंदाज चुकला की फोड येतात, आणि कोडात भाजलेल्या जागी नवा पांढरा डाग उठू शकतो. बावचीची पूड पोटात घेतल्याने यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. डागातले केस बघून ठेवा. नवा रंग मुख्यतः केसांच्या मुळांतल्या पेशींमधून येतो. केसही पांढरे झाले असतील तर गुण येणं अवघड. बोटांची टोकं आणि ओठ यांचंही तसंच.

वांगावर ज्येष्ठमध लावून बघायला हरकत नाही. बारीक पूड कोरफडीच्या गरात कालवा. कोरफडीचं पान कापल्यावर आधी उभं धरून पिवळा चीक निथळू द्या, मग गर काढा, नाहीतर खाज सुटते. लेप रोज ताजा करा. सुरुवातीला तो हाताच्या आतल्या बाजूला, एकाच जागी, सकाळ-संध्याकाळ 7 दिवस लावा. लाली, खाज, पुरळ काही नसेल तरच चेहऱ्यावर, तेही रात्री, 15-20 मिनिटं लावून धुवा. अपेक्षा मात्र बेताची ठेवा: ग्लॅब्रिडिन पाण्यात जेमतेम विरघळतं, त्यामुळे घरच्या लेपातून कातडीत फारसं उतरत नाही. कंपन्या वेगळ्या द्रावकांतून त्याचा अर्क काढतात.

वांगावर खरा उपाय सावली. कापूस वेचायला जाताना ओढणी नाकावरून घट्ट बांधा, वर रुंद काठाची टोपी घाला. एवढं केलं नाही तर रात्रीचा लेप दिवसाचं ऊन पुसून टाकतं.

लिंबू चोळून उन्हात जाऊ नका. त्याच्या सालीत-रसात बावचीसारखीच उन्हाने चेतणारी द्रव्यं असतात, भाजून डाग आणखी काळा होतो. बिब्ब्याचं तर नावच नको. तो फोड आणतो आणि मागे काळा व्रण ठेवतो. मेडिकलमधून कुणीतरी सुचवलेली 'गोरं करणारी' ट्यूब त्याहून फसवी. तिच्यात स्टेरॉइड असेल तर आधी चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल पडते, लव वाढते.

लेप सुरू करण्याआधी डागाचा फोटो काढा. पुढे दर महिन्याला त्याच जागी, त्याच वेळेच्या उजेडात पुन्हा काढा. रोज आरशात बघून फरक कळत नाही. 3 महिन्यांत फोटो सारखेच दिसले तर लेप बंद करून त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि जे जे लावलं त्याच्या पुड्या, ट्यूबा सोबत न्या.