टेस्टचं जेम (रुबीची लायब्ररी) नाही म्हणून डिप्लॉय अडतंय?

रेल्सचं (रुबी भाषेतल्या वेब फ्रेमवर्कचं) अ‍ॅप लॅपटॉपवर छान चालतं, सर्व्हरवर मात्र असेट्स प्रीकंपाइललाच (सीएसएस, जावास्क्रिप्टच्या फाइली आधी तयार करतानाच) 'लोडएरर', म्हणजे हवी ती फाइल किंवा जेम सापडत नसल्याचा एरर, येतो. अशा वेळी आधी रेकफाइल ('रेक' या रुबीच्या टास्क चालवणाऱ्या टूलची फाइल) आणि 'लिब/टास्क्स' फोल्डर उघडून बघा. तिथे वरच आरस्पेक (टेस्ट चालवणारं जेम) किंवा रुबोकॉप (कोडची शैली तपासणारं जेम) यांचं रेक टास्क रिक्वायर केलेलं सापडतं. सर्व्हरवर जेमफाइलमधले (जेमच्या यादीतले) डेव्हलपमेंट आणि टेस्ट ग्रुप वगळलेले असतात, आणि रेक कुठलंही काम करण्याआधी या सगळ्या फाइली वाचतो.

१. ते रिक्वायर आणि त्याखालचं टास्क 'बिगिन' आणि 'एंड'च्या मध्ये घ्या. 'एंड'च्या आधी 'रेस्क्यू लोडएरर' लिहा, त्याखाली काही नसलं तरी चालतं.

२. पुश करण्याआधी लॅपटॉपवरच 'बंडल_विदाउट' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला 'डेव्हलपमेंट:टेस्ट' देऊन टास्कची यादी मागवा. जेम मशीनवर असलं तरी बंडलर (जेम सांभाळणारं टूल) ते लोड होऊ देत नाही, म्हणजे सर्व्हरवर फुटणारं इथेच फुटतं.

जेम उचलून मुख्य ग्रुपमध्ये टाकल्यानेही एरर जातो, पण तो आळशीपणा झाला.

एक सांभाळा: नुसतं 'रेस्क्यू' लिहून भागत नाही. ते फक्त 'स्टँडर्डएरर' आणि त्याखालचे एरर पकडतं, 'लोडएरर' त्यात मोडत नाही.