एसआरपीच्या भरतीला उतरताय? या चुका टाळा

रामटेकडीला राज्य राखीव पोलीस बलाचे, म्हणजेच एसआरपीचे, गट क्रमांक १ आणि २, दौंडला ५ आणि ७. पुणे जिल्ह्यातल्या पोरांना एसआरपी लहानपणापासून ठाऊक असते. तरीही भरती निघाली की बरेच जण जिल्हा पोलिसांच्या तयारीतच एसआरपीची तयारी उरकतात, आणि घोळ तिथेच होतो.

आधी ग्राउंड. जिल्ह्याच्या पोलीस शिपायाला १६०० मीटर पळायचं असतं, एसआरपीला ५ किलोमीटर. मैदानी चाचणीच्या १०० गुणांपैकी ५० एकट्या या धावण्याला, उरलेले १०० मीटर आणि गोळाफेकीला २५-२५. ४०० मीटरच्या ट्रॅकवर ५ किलोमीटर म्हणजे साडेबारा फेऱ्या. १६०० ची सवय लागलेला मुलगा पहिल्या दोन फेऱ्या जीव तोडून पळतो आणि निम्म्यात पोहोचेपर्यंत त्याचे पाय भरून येतात. पहिले २ किलोमीटर दम राखून पळा, वेग शेवटच्या तीन फेऱ्यांसाठी ठेवा. आठवड्यातून एकदा तरी ५ पेक्षा जास्त अंतर सावकाश पळा.

नडगी दुखायला लागली तर बहुतेकदा कारण एकच: अंतर एकदम वाढवलेलं, तेही डांबरी रस्त्यावर. अंतर निम्मं करा, मातीवर पळा, झिजलेले बूट बदला. हाडावर एकाच जागी बोट ठेवलं तरी कळ येत असेल, तर पळणं थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. वेदनाशामक गोळी घेऊन पळू नका. हाडाला बारीक तडा गेला असेल, तर ती भरतीच हातची जाते.

उंची आधी मोजा. जिल्हा पोलिसांत मुलांना १६५ सेंटिमीटर चालते, एसआरपीला १६८ लागते. १६६ चा मुलगा वर्षभर घाम गाळतो आणि मोजमापाला बाहेर पडतो, हे पाहताना फार वाईट वाटतं. अकादमीवाल्यांनी पहिल्याच दिवशी फूटपट्टी लावायला हवी. वयाचंही तसंच: खुल्या प्रवर्गाला जिल्ह्यात २८, इथे २५.

नोकरीचं स्वरूप घरी नीट सांगा. हे दल कंपनी आणि प्लाटून अशा जवानांच्या तुकड्यांमध्ये चालतं, गटाचा प्रमुख समादेशक असतो. गणेशोत्सव, पालखी, निवडणूक, गडचिरोली, जिथे कंपनी जाईल तिथे जवान जातो. गुन्हा नोंदवणं, तपास करणं ही कामं पोलीस ठाण्याची. तपासाची ओढ असेल तर अर्ज जिल्ह्याला भरा. नुसतं मेरिट खाली लागतं म्हणून लांबचा गट निवडाल, तर मुख्यालयही तेच मिळेल.

अर्ज भरताना नाव आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच टाका. एकाच पदासाठी दोन गटांत अर्ज करू नका. जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर जाहिरातीत दिलेल्या तारखांत बसतात का, हे पैसे भरण्याआधी पाहून घ्या.