रोमिंगमध्ये फोन अर्धवट चालतोय? या चुका टाळा

रेंज भरपूर, पण नेट नाही. नेट आहे, पण फोन लागत नाही. दोन्ही आहे, तर बँकेचा ओटीपी काही केल्या येत नाही. रोमिंगमधल्या तक्रारी साधारण या तीन जातीच्या असतात आणि तिन्हींवर लोक एकच औषध करतात, फोन बंद करून चालू. कधीकधी ते लागूही पडतं. पण कॉल, एसएमएस आणि डेटा या तीन निरनिराळ्या सेवा आहेत. त्यांची परवानगी वेगळी, पैसे वेगळे, फोनमधली बटणंही वेगळी. म्हणून आधी नेमकं काय बंद पडलंय ते पाहायचं, मग सेटिंगला हात लावायचा.

काश्मीरला निघताना सिम न बघणं

देशात फिरताना रोमिंगची कटकट आता राहिलेली नाही. मुंबई हे मोबाइल सेवेचं एक सर्कल, म्हणजे विभाग, आणि उरलेला महाराष्ट्र व गोवा हे दुसरं, हे आज कुणाला आठवतही नाही. अपवाद जम्मू-काश्मीर आणि लडाखचा. सुरक्षेच्या कारणावरून बाहेरच्या राज्यांची प्रीपेड सिमं तिथे चालत नाहीत, पोस्टपेड चालतात. वैष्णोदेवीला जाणाऱ्यांची गाडी पठाणकोट सोडून पुढे गेली की डब्यातले फोन एकेक करून गप्प होतात आणि मग जो तो एकमेकांच्या फोनची सेटिंग ढवळत बसतो. ढवळून उपयोग नाही. फोन धडधाकट असतो, सिमच चालणारं नसतं. घरातल्या निदान एकाचं सिम पोस्टपेड असू द्या, बाकीच्यांना त्याच्या हॉटस्पॉटवर घ्या. प्रीपेडचं पोस्टपेड करायचं असेल तर ते घरी असतानाच, निघण्याच्या आदल्या रात्री नाही.

नेपाळ आणि भूतानला आपण पासपोर्टशिवाय जातो, पण फोनसाठी ते परदेशच. सोनौलीसारख्या सीमेवरच्या गावात तर आपण भारतात उभे असतो आणि फोन नेपाळचा टॉवर धरून बसतो. तिथे डेटा रोमिंग बंद ठेवलेलं बरं.

पॅक मारला की झालं, असं समजणं

परदेशासाठी तीन गोष्टी लागतात. खात्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंगची सेवा सुरू हवी, त्या देशात चालणारा पॅक हवा आणि फोनमधलं 'डेटा रोमिंग' हे बटण चालू हवं. लोक पॅक मारतात आणि बटण विसरतात. मोबाइल डेटा आणि डेटा रोमिंग ही दोन वेगळी बटणं आहेत, आणि दोन सिमच्या फोनमध्ये प्रत्येक सिमला आपलं आपलं.

बटण चालू असूनही नेट नाही? मग वर कोणत्या कंपनीचं नाव दिसतंय ते बघा. पॅक त्या देशातल्या ठरावीक कंपन्यांवरच चालतो, आणि विमानतळावर उतरल्यावर फोन हाताशी येईल ते नेटवर्क पकडतो. भागीदार कंपन्यांची यादी तुमच्या कंपनीच्या ॲपमध्ये असते. तिचा स्क्रीनशॉट निघण्यापूर्वी काढून ठेवा, कारण तिथे नेट नसताना ॲप उघडणार कसं? मग मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन आपोआप निवड बंद करायची आणि यादीतलं नाव हाताने निवडायचं. ही यादी यायला मिनीट-दोन मिनिटं लागतात. गोल चक्र फिरत राहतं, माणूस कंटाळून मागे येतो आणि 'काही होत नाही' म्हणतो. थांबा जरा.

त्यानंतरची पायरी एपीएनची, म्हणजे फोन ज्या नावाने कंपनीच्या इंटरनेटला जोडला जातो त्या सेटिंगची. जिओचं 'जिओनेट', एअरटेलचं 'एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम' असं जे नाव असतं ते जागेवर आहे का पाहा. आधी कधी परदेशी सिम वापरलं असेल तर जुनं एपीएन किंवा आयफोनमधलं त्या कंपनीचं प्रोफाइल मागे राहून घोळ घालतं. ते काढून टाका.

नेट आलं पण गोगलगाईच्या चालीने, ही तक्रारही नेहमीची. रोमिंगचा डेटा बहुतेक वेळा तिथल्या टॉवरवरून आधी भारतात येतो आणि इथून इंटरनेटवर जातो. न्यू जर्सीत बसून तिथल्याच दुकानाची वेबसाइट उघडली तरी फेरा भारतातून. सेटिंग बदलून हे सुटत नाही. याच फेऱ्याचा एक फायदा चीनमध्ये दिसतो: हॉटेलच्या वायफायवर गूगल आणि व्हॉट्सॲप बंद, पण भारतीय सिमच्या रोमिंगवर ते सहसा चालतं.

फोन लागत नाही म्हणून सिमला दोष देणं

मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेत गेलेली आई साताऱ्याला फोन लावते आणि पलीकडून इंग्रजीत रेकॉर्ड वाजतं. फोनमध्ये नंबर दहा आकडी किंवा शून्य लावून सेव्ह केलेला असतो. अमेरिकेतल्या नेटवर्कला तो तिथलाच नंबर वाटतो. सगळे महत्त्वाचे नंबर अधिक चिन्ह आणि ९१ लावून सेव्ह करा. भारतातही ते तसेच लागतात, त्यामुळे परत बदलायची गरज नाही. बँकांचे १८००ने सुरू होणारे टोल-फ्री नंबर मात्र बाहेरून लागतीलच असं नाही. परदेशातून लावायचा साधा नंबर बहुतेकदा कार्डाच्या मागे छापलेला असतो, तो लिहून घ्या.

नंबर बरोबर असूनही कॉल लागत नाही आणि नेट मात्र झकास चालतंय, हे कोडं अलीकडचं आहे. जुनी २जी-३जी नेटवर्कं एकेका देशात बंद होत गेली. सिंगापूरने २०१७ मध्ये २जी बंद केलं. अमेरिकेत एटी अँड टीने फेब्रुवारी २०२२ मध्ये ३जी बंद केलं आणि व्हेरायझनने त्याच वर्षाच्या अखेरीस. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२४ च्या शेवटापासून ३जी गेलं. पूर्वी ४जीवर कॉल जमला नाही तर फोन गुपचूप ३जीवर उतरून बोलणं करून द्यायचा. आता उतरायला जागाच नाही. म्हणजे कॉल व्होल्टेवरूनच, अर्थात थेट ४जीवरूनच व्हायला हवा, आणि त्यासाठी फोनमध्ये व्होल्टे चालू हवं, तुमच्या कंपनीचा तिथल्या कंपनीशी व्होल्टे रोमिंगचा करार हवा आणि तुमचं मॉडेलही त्या नेटवर्कला मान्य हवं. पहिली गोष्ट तुमच्या हातात आहे. दुसऱ्या-तिसऱ्यासाठी यादीतलं दुसरं नेटवर्क निवडून बघा. नाहीच जमलं तर इंटरनेटवरून बोला, वेळ घालवू नका.

आणखी एक महागडी चूक कॉल फॉरवर्डिंगची. 'उचलला नाही तर दुसऱ्या नंबरवर पाठव' असं लावलेलं असेल, तर तुमच्याकडे परदेशात आलेला कॉल तिथून पुन्हा भारतात वळतो आणि पैसे दोन्हीकडून लागू शकतात. निघण्यापूर्वी फोनच्या सेटिंगमधून ते काढून टाका.

भारतीय सिम काढून पाकिटात ठेवणं

माझ्या मते सगळ्यात नुकसान करणारी चूक हीच. तिथे उतरल्यावर लोक स्थानिक सिम घेतात, आपलं सिम काढतात आणि पासपोर्टच्या कव्हरात चिकटवून ठेवतात. चार दिवसांनी पैसे पाठवायची वेळ येते. बँकेचं ॲप सिम शोधतं, सापडत नाही, आणि पुन्हा नोंदणी करा म्हणतं. नोंदणीसाठी फोनमधून एक एसएमएस जावा लागतो. रोमिंगमध्ये जाणाऱ्या एसएमएसला पैसे लागतात, बॅलन्स नसेल तर तो जातच नाही, आणि पॅकमध्ये एसएमएस आहेत म्हणून तो जाईलच याचीही खात्री नाही. यूपीआय ॲपचंही तेच. म्हणून परदेशात असताना बँकेचं किंवा यूपीआयचं ॲप काढून पुन्हा टाकू नका, त्याचा डेटा पुसू नका, सिमची खाचही बदलू नका.

येणाऱ्या ओटीपीला डेटा पॅक लागत नाही, हे मात्र बऱ्याच जणांना माहीत नसतं. सिम फोनमध्ये असावं, रोमिंगची सेवा सुरू असावी आणि सिमने कुठलंतरी नेटवर्क धरलेलं असावं, बस. येणाऱ्या एसएमएसचे पैसे भारतीय कंपन्या सहसा घेत नाहीत. मुलांकडे चार-सहा महिने राहायला जाणाऱ्या आईवडिलांनी एवढं जपावं की इथल्या मूळ रिचार्जची मुदत मध्येच संपू देऊ नये. ओटीपी अडकलाच तर विमान मोड अर्धा मिनीट चालू करून बंद करा, नाहीतर नेटवर्क बदला. दहा वेळा 'पुन्हा पाठवा' दाबलंत तर बँक काही वेळासाठी दारच बंद करते.

यूपीआयने परदेशात पैसे देताना 'अयशस्वी' आलं तर नेटवर्कला बोल लावण्याआधी ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय यूपीआय सुरू केलंय का ते बघा. ते वेगळं सुरू करावं लागतं, आणि ते मोजक्याच देशांत चालतं. सिंगापूर, यूएई, नेपाळ, मॉरिशस, श्रीलंका ही त्यातली काही.

ई-सिम घेऊन डेटा रोमिंग बंद ठेवणं

सध्याचा शहाणा मार्ग म्हणजे भारतीय सिम ओटीपीसाठी आणि प्रवासाचं ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय थेट फोनमध्ये उतरवायचं सिम, नेटसाठी. यात गंमत अशी की बरीच प्रवासी ई-सिमं स्वतःच रोमिंगवर चालतात, म्हणून त्या लाइनवर डेटा रोमिंग चालू लागतं आणि भारतीय सिमवर बंद. लोक पैशाच्या धास्तीने दोन्हीकडे बंद करतात आणि मग विकणाऱ्याला शिव्या घालतात. आयफोनमध्ये डेटा आपोआप दुसऱ्या लाइनवर वळवण्याचं एक बटण असतं, ते मात्र बंदच हवं, नाहीतर ई-सिमची रेंज गेली की डेटा गुपचूप भारतीय सिमवर. ई-सिम घरच्या वायफायवर टाकून न्या आणि 'चालत नाही' म्हणून रागाने पुसू नका, कारण अनेक क्यूआर कोड एकदाच चालतात. नेटवर्क सेटिंग रिसेट करण्याचा सल्ला कुणीही देतो. त्यात वायफायचे सगळे पासवर्ड जातात आणि काही फोन ई-सिमही पुसायचं का विचारतात. तो उपाय सगळ्यात शेवटी ठेवा.

जे बिघडलेलंच नाही ते दुरुस्त करणं

व्हॉट्सॲपवरचे फोटो धूसर दिसतात? रोमिंगमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवायचे नाहीत, असं त्याच्या सेटिंगमध्ये मुळातच असतं. फोटोवर बोट ठेवा, उघडेल. दुबईत व्हॉट्सॲपवर मेसेज जातात पण कॉल जोडला जात नाही, तो तिथला नियम आहे. गूगल फोटोजचा बॅकअप रोमिंगमध्ये थांबतो, तो थांबलेलाच बरा.

मुंबईला उतरल्यावर फोन 'नो सर्व्हिस' दाखवत राहिला, तर तिकडे हाताने निवडलेलं नेटवर्क तो अजून शोधतोय. आपोआप निवड पुन्हा चालू करा.