बोटीचा जळालेला प्लग बदलताना

गंगापूर धरणाच्या पाण्यावरील बोटीला काठावरून २३० व्होल्टची वीज देणारा निळा, तीन पिनांचा प्लग काळवंडला किंवा वितळला असेल, तर पिना पॉलिश पेपरने घासून तो पुन्हा वापरू नये. बोटीवरचा भार, मग काठावरचा एमसीबी (जादा भार आल्यास वीज आपोआप तोडणारा स्विच) बंद करून प्लग काढावा आणि वीज नसल्याची खात्री साध्या टेस्टरने नव्हे, मल्टीमीटरने करावी. जळण्याचे मूळ बहुधा सैल स्क्रूतच असते. लखलखीत तांबे दिसेपर्यंत काळी पडलेली तार कापावी, टोकांवर फेरूल (तारेचे सुटे धागे एकत्र धरणाऱ्या धातूच्या छोट्या नळ्या) दाबून बसवावेत आणि अर्थिंगची हिरवी-पिवळी तार थोडी लांब ठेवावी, म्हणजे केबल ओढली गेली तरी ती सर्वांत शेवटी सुटेल. समोरचे सॉकेट जळालेले असल्यास तेही बदलावे, कारण त्याची ढिली पकड नवा प्लगही जाळते.