सापळ्यात कीड अडकावी, मित्रकीटक नव्हे

पिवळा चिकट सापळा दोन दिवसांत काळा पडला की बरं वाटतं. पण भिंग घेऊन जवळून बघा. माव्याशेजारी ढालकिडे, सिरफिड माश्या, इवल्याशा परोपजीवी गांधीलमाश्याही चिकटलेल्या दिसतात. म्हणजे मावा खाणारेही गेले! म्हणून सापळा घेण्याआधी एवढंच पाहा, तो किडीला वासाने बोलावतो, रंगाने की उजेडाने?

१. सुरुवात वासापासून. कामगंध सापळ्यातल्या ल्यूरला, म्हणजे आमिषाच्या गोळीला, मादीचा वास असतो, त्यामुळे त्या जातीचे नर पतंगच येतात. एका सापळ्यात एकच ल्यूर ठेवा. कांदा किंवा तंबाखू हाताळलेल्या हाताने ती धरू नका. पिकाच्या शेंड्यावर साधारण फूटभर उंचीवर सापळा बांधा आणि पीक वाढेल तसा वर सरकवा. पांढऱ्या-पिवळ्या डब्यात मधमाश्याही शिरतात, तेव्हा शक्य असेल तर हिरवा घ्या. नजर ठेवायला एकरी २ पुरतात.

यात मादी अडकत नाही, त्यामुळे एवढ्या दोन सापळ्यांनी कीड संपेल अशी आशा ठेवू नका. त्यांचं काम वर्दी देण्याचं. कपाशीत गुलाबी बोंडअळीचे सरासरी ८ पतंग प्रत्येक सापळ्यात सलग ३ रात्री आले, तर उपायाची वेळ झाली. त्याआधी पंप पाठीवर घेऊ नका.

फळमाशीला बोलावणारा वास पिकाप्रमाणे बदलतो. आंबा-पेरूला मिथाइल युजेनॉल, काकडी-कारल्याला क्यू ल्यूर. चुकीची ल्यूर आणली तर सापळा रिकामाच लटकतो.

२. रंग जपून वापरा. पांढरी माशी आणि माव्याला पिवळा, फुलकिड्यांना निळा. रोपं लहान असताना मोजकेच लावा. पानांवर ढालकिड्यांच्या अळ्या दिसू लागल्या की सापळे काढून टाका. ट्रायकोकार्ड, म्हणजे ट्रायकोग्रामा हा परोपजीवी मित्रकीटक ज्यातून बाहेर पडतो ते कार्ड, लावणार असाल तर सापळे आधीच काढा, कारण ट्रायकोग्रामा जेमतेम अर्धा मिलिमीटरचा आणि त्याला त्या डिंकातून सुटका नाही.

३. उजेडाचा सापळा रात्रभर चालू ठेवू नका. अंधार पडल्यावर दोन-तीन तास पुरे. खाली साबणाच्या पाण्याची घमेली ठेवली की येईल तो मरतो, मित्र असो वा शत्रू. त्याऐवजी बाजूला बारीक जाळी असलेला डबा लावा. मोठे भुंगेरे, पतंग आत राहतात आणि लहान गांधीलमाश्या जाळीतून निघून जातात.

४. आता माझा आवडता उपाय, अंडीपुंजांचा पिंजरा. भाताच्या खोडकिडीची मादी पानाच्या टोकाकडे अंडी घालते, वर भुरकट केसांचं आवरण असतं. असे पुंज पानासकट तोडतात, आणि बहुतेकदा तिथेच चूक होते: ते जाळून किंवा पुरून टाकले जातात. त्यातल्या कित्येक अंड्यांत परोपजीवी आधीच वाढत असतात. म्हणून पुंज बांबूच्या विरळ विणीच्या टोपलीत ठेवा, ती बांधावर मेढीला टांगा आणि खाली पाण्याची थाळी ठेवून त्यात थोडं रॉकेल घाला. फुटलेली अळी खाली उतरते आणि पाण्यात पडते. गांधीलमाशीला पंख आहेत, ती उडून पुन्हा शिवारात शिरते. थाळीतलं पाणी आटू देऊ नका. मेढीवरून मुंग्याही अंड्यांपर्यंत पोचतात. त्यासाठी मेढीच्या बुंध्याला ग्रीसचा जाड पट्टा लावा.