पोथ्यांच्या फाइली वीस वर्षे टिकवायच्या तर

पोथ्या आणि मोडी कागदांचे डिजिटल जतन करायचे ठरले की लहान संग्रहालयात पहिली खरेदी होते ती कॅमेऱ्याची किंवा स्कॅनरची. खरे तर कॅमेरा सगळ्यात शेवटी घ्यावा. फाइली कुठे राहणार, त्यांना नावे कशी देणार आणि पाच वर्षांनी त्या उघडून बघणार कोण, हे आधी ठरवा.

जागेचा हिशेब सोपा आहे. २४ मेगापिक्सेलच्या एका छायाचित्राची ८ बिटची, न दाबलेली टिफ फाइल साधारण ७२ एमबी भरते. १०० पत्रांच्या (पत्र म्हणजे पोथीचे सुटे पान) पोथीच्या बाजू २००, म्हणजे १४.४ जीबी. अशा ३०० पोथ्यांना ४.३ टीबी लागतात, मूळ रॉ फाइली (कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची नोंद) धरल्या तर सहाच्या आसपास. प्रती तीन ठेवायच्या, म्हणून १८ टीबी. हा आकडा अंदाजपत्रकात नसला की काम निम्म्यावर आल्यावर डिस्क भरते आणि कुणीतरी जागा करण्यासाठी टिफ पुसून दाबलेली, तपशील गमावलेली जेपेग ठेवतो.

नाव नोंदवहीतल्या दाखल क्रमांकावरूनच द्या. उदाहरणार्थ १९८७_००४२_०१३_२ : दाखल वर्ष, क्रमांक, पत्र, बाजू. (इथे देवनागरीत छापले आहे, फाइलीत आकडे इंग्रजीच वापरा.) नावात रिकामी जागा, तिरकी रेघ किंवा ग्रंथाचे शीर्षक नको. शीर्षक उद्या बदलेल, दाखल क्रमांक बदलत नाही. यादी एक्सेलमध्ये करत असाल तर क्रमांकाचा रकाना आधी ‘टेक्स्ट’ करा. नाहीतर ००४२ चे ४२ होते आणि १२/३ ची थेट तारीख. जुन्या याद्या बहुधा युनिकोडच्या (कोणत्याही संगणकावर अक्षर तेच दिसेल अशी संकेतपद्धती) आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात आणि नव्या संगणकावर त्या निव्वळ चिन्हांचा कचरा दिसतात. त्या आत्ताच युनिकोडमध्ये आणून छापील वहीशी ताडून घ्या. कागदावरची तिथी आणि शक जसाच्या तसा एका रकान्यात लिहा, इसवी सन दुसऱ्यात. शकात ७८ मिळवून भागत नाही. पौषाच्या सुमारास इसवी सन बदलते, तिथून पुढे ७९ होतात. पुण्याच्या सी-डॅकने बनवलेली ‘जतन’ ही संग्रहालय-प्रणाली वापरणार असाल, तरी यादी आधी स्वच्छ हवीच.

आता छायाचित्रण. पोथीला फ्लॅटबेड स्कॅनर नको आणि आपोआप कागद ओढणारा तर मुळीच नको. मोडी कागदांवर शाई वाळवण्यासाठी टाकलेली बारीक वाळू कधी कधी अजून असते. ती काचेवर ओरखडे पाडते आणि दाबली की अक्षरही खरवडते. कॉपी स्टँडवर खाली रोखलेला कॅमेरा, मॅक्रो लेन्स, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर सारखे दोन दिवे (रंग किती खरे दिसतात ते सांगणारा रंगदर्शन निर्देशांक, सीआरआय, ९५ च्या वर), एफ/८, आयएसओ १०० आणि दूरस्थ बटण, एवढे पुरते. कॅमेरा पत्राशी समांतर आहे का हे पाण्याच्या लेव्हलपेक्षा आरसा चांगले सांगतो: पाटावर सपाट आरसा ठेवा, लेन्सचे प्रतिबिंब चौकटीच्या मधोमध आले की झाले. एलईडीमुळे चित्रात पट्टे आले तर शटर १/५० किंवा १/२५ सेकंद करा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. आणि पंखा बंद. उकडले तरी.

चौकटीची रुंदी ३८ सेंमी ठेवली की ६००० पिक्सेलच्या चित्रात इंचाला ४०० पिक्सेल मिळतात. नेहमीच्या लांबट पोथीला ते पुरेत. दर सत्राचा पहिला फोटो २४ चौकोनांच्या रंगपट्टीचा, आणि मोजपट्टी प्रत्येक फोटोत. पातळ कागदावर मागची शाई दिसत असेल तर खाली काळा कागद घाला.

सर्वांत जास्त चुका पत्र उलटताना होतात. पोथीचे पत्र पुस्तकासारखे आडवे फिरवले तर मागची बाजू उलटी येते; ते खालून वर उलटायचे. पत्रांक बहुधा मागच्या बाजूला समासात असतो, म्हणून पुढची बाजू बिनआकड्याची दिसली की नवखा माणूस तिला आधीच्या पत्राला जोडतो. कोरे पत्रही टिपा, नाहीतर ते हरवले की मुळातच नव्हते, हे पुढे कळणार नाही. पिवळे ठिपके दिसले तर ते डाग समजून संगणकावर पुसू नका. तो हरताळ, म्हणजे लेखनिकाने केलेली दुरुस्ती. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथलाच. हरताळात आर्सेनिक असते, तेव्हा अशा पोथीला नायट्राइल हातमोजे वापरा. बाकी कागदाला धुतलेले कोरडे हात बरे, कारण सुती मोज्यांनी स्पर्श कळत नाही आणि कडा फाटतात.

काम बाहेरच्या ठेकेदाराला देत असाल तर करारात ‘स्कॅनिंग’ एवढेच लिहू नका. ‘पीडीएफ मिळाली’ यात दाबलेली जेपेग चित्रेच हाती येतात. रॉ, टिफ, फाइलींची यादी आणि चेकसम (फाइल बदलली का हे ओळखायची खूण) मागा, आणि प्रत्येक पोथीची पत्रे मोजून मगच बिल द्या. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो मूळ प्रत म्हणून कधीच घेऊ नका, तो वाटेत दाबला जातो.

फोटो काढले त्याच संध्याकाळी दर फाइलीचा एसएचए-२५६ चेकसम काढा. ही ६४ अक्षरी ओळ फाइलीतला एक बिट बदलला तरी वेगळी येते. पोथीच्या फाइली, तिची माहिती आणि चेकसमची यादी बॅगइट (फाइली आणि त्यांची यादी एकत्र ठेवायची ठरीव रचना) पद्धतीने एकाच फोल्डरमध्ये बांधा. दोन प्रती ताडून झाल्याशिवाय कॅमेऱ्याचे कार्ड पुसू नका.

तीन प्रतींपैकी एक दुसऱ्या गावात हवी. २०२१ च्या जुलैत चिपळूणला पूर आला तेव्हा तळमजल्यावरची आणि शेजारच्या इमारतीतली प्रत यात काय फरक उरणार होता? रेड (एकच फाइल आपोआप दोन डिस्कांवर लिहिणारी जोडणी) म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल तिथे दोन्ही डिस्कांवरून एकदमच जाते. आपोआप जुळणाऱ्या क्लाउड फोल्डरचेही तेच, खंडणीखोर व्हायरस तिकडेही पोचतो. म्हणून एक प्रत केबल काढून कपाटात ठेवा, सिलिका जेलसह. ती साध्या हार्ड डिस्कवर असावी. बिनविजेची एसएसडी (चिपवर साठवणारी डिस्क) वर्षानुवर्षे ठेवण्यासाठी नाही. डिस्कवर खरेदीची तारीख चिकटवा आणि पाच वर्षांनी ती चालू असतानाच बदला. २००० च्या दशकात लिहिलेल्या सीडी कपाटात असतील तर आजच उतरवून घ्या.

दर सहा महिन्यांनी चेकसम पुन्हा काढून यादीशी ताडा. वर्षातून एकदा बाहेरगावच्या डिस्कवरून कोणत्याही दहा फाइली उघडा, त्या त्या पोथ्या फडक्यातून सोडा आणि पत्र समोर धरून ताडून बघा.