पॉलिहाऊसच्या कागदानं शिकवलेलं रीसायकलिंग

पॉलिमरचं शिक्षण घेऊन प्लास्टिक रीसायकलिंगमध्ये येणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितो आहे. मी आलो तेव्हा समज होता की माल एलडी (कमी घनतेचं पॉलिइथिलीन) आहे ना, मग धुवायचा, वितळवायचा, दाणा पाडायचा. पहिल्याच वर्षी मावळातल्या गुलाबाच्या पॉलिहाऊसवरून उतरवलेल्या कागदानं, म्हणजे प्लास्टिकच्या आच्छादनानं, तो समज मोडला.

धुतल्यावर माल छान दिसत होता. १९० अंशांवर, २.१६ किलोच्या वजनाखाली एमएफआय (वितळलेला माल किती सहज वाहतो त्याचा आकडा) घेतला, तो नव्या दाण्याच्या जवळ आला आणि मी माल पास केला. त्याची फिल्म काढली तर अंगावर बारीक गाठी. तीच फिल्म उन्हात गेल्यावर घडीवर फाटू लागली.

कारण नंतर कळलं. उन्हात पॉलिइथिलीनच्या काही साखळ्या तुटतात आणि काही एकमेकींना जोडल्या जाऊन जाळं होतं. तुटण्यानं एमएफआय चढतो, जोडण्यानं उतरतो. दोन्ही चालू असलं की आकडा जागच्या जागी राहू शकतो आणि आतली झीज झाकली जाते. पॉलिप्रॉपिलीनमध्ये तुटणंच जास्त, त्यामुळे तिथे एमएफआय चढला की माल खराब झाल्याचं लगेच कळतं. तो नियम मी डोळे मिटून एलडीला लावला होता.

दुसरी गोष्ट स्टॅबिलायझरची. पॉलिहाऊसच्या कागदात उन्हापासून वाचवायला बहुधा हॅल्स नावाचं स्टॅबिलायझर घातलेलं असतं. ते साखळ्या तोडणारे रॅडिकल (अतिक्रियाशील तुकडे) पकडतं आणि पुन्हा कामाला तयार होतं, म्हणून कागद काही उन्हाळे टिकतो. पण भुरी रोगासाठी वापरलेल्या गंधकातून आम्लधर्मी पदार्थ तयार होतात आणि ते हॅल्सला निकामी करतात. लोखंडी पाइपाला टेकलेला पट्टा तापून सर्वांत आधी जातो. मी तो कापून वेगळा काढायला लावतो. मजूर कुरकुरतात, पण दाणा सुधारतो. शिवाय जुन्या कागदात साठलेले हायड्रोपेरॉक्साइड (ऑक्सिडेशनमधून बनलेले अस्थिर पदार्थ) एक्स्ट्रूडरच्या, म्हणजे माल वितळवणाऱ्या यंत्राच्या, उष्णतेत फुटून नवे रॅडिकल सोडतात, म्हणजे झीज तिथेही थांबत नाही.

म्हणून एमएफआयसोबत इन्फ्रारेड चाचणीत १७१५ सेमी⁻¹च्या आसपासचा कार्बोनिल पीक, म्हणजे ऑक्सिडेशन झाल्याची खूण, बघा. ओआयटीवरून (तापवलेल्या मालाचं ऑक्सिडेशन सुरू व्हायला लागणाऱ्या वेळेवरून) अँटिऑक्सिडंट किती उरलंय त्याचा अंदाज येतो, पण त्या तापमानाला हॅल्स काम करत नसल्यानं ते त्यात दिसत नाही. हे मला कोणी सांगितलं असतं तर एक लॉट वाचला असता. स्वतःची लॅब नसेल तर सिपेटसारख्या प्लास्टिकच्या सरकारी संस्थेत चाचणी करून घ्या.

फिनॉल आणि फॉस्फाइट ही अँटिऑक्सिडंट एक्स्ट्रूडरच्या तोंडाशी, माल आत जातो तिथेच घाला. फॉस्फाइट ओलाव्यानं बिघडतं, तेव्हा फ्लेक (मालाचे धुतलेले तुकडे) आधी नीट वाळवा. माल पुन्हा उन्हात जाणार असेल तर हॅल्सही नव्यानं द्या. तुटलेल्या साखळ्या मात्र यातल्या कशानंच जुळत नाहीत.

आता गाडी आली की मी भंगारवाल्याकडून शेतकऱ्याचा नंबर घेतो आणि विचारतो, कागद कोणत्या साली चढवला होता, गंधक किती वेळा मारलं?